उज्ज्वलाच्या नावची गोळी

गेले तीन महिने शर्वरी आईकडे टक लावून बघत होती, आणि त्याच तीन महिन्यांत आईची तब्येत जास्तच ढासळत चालली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं आईच्या, म्हणजे सारिकाच्या मनानं घेतलं, आणि सारिकाच्या मनानं एकदा काही घेतलं की ते तिथून हलवायला जेसीबी लागायचा.

तशी ती संशयी पहिल्यापासूनच. दूध घातल्याबरोबर पातेल्यात बोट बुडवून बघणारी, भाजीवाल्याच्या काट्यावर आधी घरून आणलेली किलोची मिठाची पिशवी ठेवायला लावणारी. विट्याच्या त्या गल्लीत तिच्या या स्वभावावर सगळे हसत. नवरा अर्जुन हसबे तिकडे सेलमला गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या कामात. वर्षातून दोनदा घरी यायचा. एकट्या बाईनं घर चालवायचं तर डोळ्यांत तेल घालूनच बसावं लागतं, असं ती म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

पण आता प्रश्न जिवाचा होता. आठ महिन्यांपूर्वी सांगलीच्या एका मोठ्या इस्पितळात सारिकाच्या हृदयाच्या आजाराचं निदान झालं. हृदय दमलं होतं, पंप सैल पडला होता. गोळी सुरू झाली आणि पहिल्या महिन्यात बरं वाटलं. पुढं मात्र उलटंच होत गेलं. जिना चढला की धाप, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, पाय दिवसभर गार. मनगटावरचं घड्याळ नाडी दाखवायचं. ती बासष्टवरून चोपन्नवर आली, मग शेहेचाळीसवर. दर महिन्याला इस्पितळाचा निरोप यायचा की गोळीची मात्रा वाढवली आहे. औषधघरातून गोळ्या आणायची शर्वरी, आणि रोज सकाळी तळहातावर ठेवायचीही शर्वरीच. ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती, म्हणजे औषधात काय कालवलं की काय होतं हे तिला चांगलंच ठाऊक.

आणि शर्वरी सारिकाच्या पोटची नव्हती. अर्जुनची पहिली बायको बाळंतपणाला माहेरी, लेंगऱ्याला गेली आणि अकराव्या दिवशी तिथंच वारली. पोरगी दीड वर्षाची असताना सारिका या घरात आली. शर्वरीला ही गोष्ट बाराव्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात एका आगाऊ बाईनं सांगितली. पोरगी दोन दिवस रडली, जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘आई, माझी वेणी घाल’ म्हणत समोर येऊन बसली. त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही. पहिलीचा फोटो ट्रंकेत होता, तो ट्रंकेतच राहिला. सारिकाला ते बरंच वाटलं होतं, कशाला खोटं बोला.

पण आता दहा वर्षांनी पोरगी काहीतरी उकरत होती. जेवताना आईच्या कानांकडे बघायची. पाय चेपायला घ्यायची आणि अंगठ्याजवळचं बोट निरखत बसायची. एकदा सारिका दुपारी पडली होती आणि डोळे किलकिले करून बघते तर ही तिचा फोटो काढतेय. लेंगऱ्याच्या मामाशी वीस वर्षं येणं-जाणं नव्हतं, त्याच्याशी दार लोटून फोनवर बोलणं सुरू झालं होतं. आणि एके दिवशी, कणीक मळता मळता, तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, मी झाले तेव्हा तुला लई त्रास झाला का गं?”

सारिकानं पोळपाट उगाच पुसून घेतला. हा टोमणा होता, दुसरं काय असणार? सावत्रपणाचं माप आता पदरात घातलं जात होतं. त्या दिवशी तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी गालात धरायला सुरुवात केली. शर्वरी कॉलेजला गेली की ती काढून मेथीच्या डब्यात लपवायची. चौथ्या दिवशी नाडी साठच्या वर गेली. गच्चीवरच्या कुरडया ती स्वतः जाऊन घेऊन आली, मध्ये एकदाही न थांबता. खाली येऊन ती पलंगावर बसली आणि रडली. बरं वाटल्याचा आनंद तिला अजिबात झाला नाही. ज्या पोरीच्या तापात तिनं सात सात दिवस पाठ टेकली नव्हती, ती पोरगी आपल्याला विष घालतेय, एवढंच तिला त्या कुरडयांच्या पाटीकडे बघून कळलं.

पूजेला जाते असं सांगून ती सकाळीच डॉक्टर नसरीन मुल्लांच्या दवाखान्यात गेली. मुल्लाबाई विट्यात नव्या होत्या, सांगलीच्या इस्पितळाशी त्यांचा काही लागाबांधा नव्हता. सारिकानं रुमालाची गाठ सोडून चार गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि यात काय घातलंय ते बघा म्हणाली. कुणावर संशय आहे असं डॉक्टरांनी विचारलं. तेवढं मात्र तिच्या तोंडून बाहेर पडेना.

मुल्लाबाईंनी आधी तिची हजेरी घेतली. हे औषध असं एका दिवसात तोडायचं नसतं, दमलेलं हृदय बिथरतं, नशीब म्हणून तुम्ही चालत आलात. मग त्यांनी एक गोळी तपासणीयंत्रात घातली. पाच मिनिटांत उत्तर आलं. गोळीत जे औषध असायला हवं तेच होतं, जेवढं हवं तेवढंच. वर बारीक अक्षरांत छापलेलं तिचं सासरचं नावही बरोबर होतं, उज्ज्वला अर्जुन हसबे.

सारिकाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण संशयी माणसाचा संशय खोटा ठरला की त्याला आधी रागच येतो. मग मी मरतेय कशानं, असं तिनं जरा जोरातच विचारलं.

डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं. हे औषध हृदयाला चाबूक मारणारे संदेश अडवतं, म्हणून दमलेलं हृदय सावकाश चालतं आणि सुधारतं. पण पोटात गेलेलं औषध यकृत मोडून टाकत असतं, आणि ते मोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, प्रत्येकाचं वेगळं. काहींचं इतकं चलाख की दुपारपर्यंत औषधाचा मागमूस राहत नाही. काहींचं इतकं मंद की आजची गोळी संपायच्या आत उद्याची येऊन बसते. कुणाचं कसं, ते जन्मतःच जनुकांत लिहिलेलं असतं. पूर्वी डॉक्टर अंदाजानं मात्रा ठरवत, त्यात बरीच माणसं हकनाक गेली. म्हणून तर राज्यात जनुकनोंद आली. एकदा रक्त दिलं की माणसाचं पत्रक कायमचं तयार, आणि औषधघरातलं यंत्र त्या पत्रकाप्रमाणेच गोळी छापतं.

“तुमचं पत्रक सांगतं की तुमचं यकृत औषध फार झटपट मोडतं,” मुल्लाबाई म्हणाल्या. “म्हणून सांगलीवाले मात्रा वाढवत गेले. नाडी उतरली तरी त्यांना वाटलं ती आजारानं उतरली. औषध अंगात टिकतच नाही म्हटल्यावर औषधावर संशय कोण घेणार?”

त्यांनी तिला समोर बसवून अर्धी गोळी दिली आणि दवाखान्यातच ठेवून घेतलं. दर दोन तासांनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला. दुपारी तीनला त्यांनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि खुर्ची पुढे ओढली. पत्रकाप्रमाणे एव्हाना बहुतेक औषध मोडायला हवं होतं. ते जवळजवळ होतं तेवढंच होतं.

“हे पत्रक तुमचंच आहे ना?”

“व्हय. सांगलीत विचारलं हुतं मला. उज्ज्वला अर्जुन हसबे, विटा, पत्रक आधीच हाय, तुम्हीच ना? मी म्हटलं व्हय.”

“नोंदणीसाठी रक्त कधी दिलं होतं?”

सारिका बोटांवर वर्षं मोजू लागली. नोंदणीची गाडी विट्यात आली होती तेव्हा ती आटपाडीकडे आपल्या माहेरी होती, आणि तिचं लग्नही ठरलेलं नव्हतं. तिनं आयुष्यात कधीच नोंदणीला रक्त दिलं नव्हतं.

मग तिनं डॉक्टरांना नावाची गोष्ट सांगितली. लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल तिकडं कुठं कुठं अजून टिकून होती, आणि सासूबाई त्या बाबतीत कडक. पहिली सून आली ती माहेरची वैशाली. तांदळाच्या ताटात नाव लिहून तिला उज्ज्वला केली. ती गेली आणि सारिका आली, तर तिलाही उज्ज्वलाच केली. आधीचीचं नाव पुढं चालवलं की मेलेलीचा आत्मा दुखावत नाही, असं सासूबाई म्हणायच्या. अर्जुनचं कारण जास्त व्यवहारी होतं. रेशनकार्डावर उज्ज्वला होती, घराच्या उताऱ्यावर उज्ज्वला होती, आता कशाला तहसीलला खेटे घालायचे? तिकडं लेंगऱ्यात पहिलीचा मृत्यू तिच्या भावानं नोंदवला, तोही माहेरच्या नावानं, वैशाली म्हणून. म्हणजे सरकारच्या लेखी वैशाली नावाची एक बाई मेली होती. उज्ज्वला हसबे मेलीच नव्हती. पोटुशी असताना तिनं नोंदणीच्या गाडीत रक्त दिलं होतं, आणि त्या रक्ताच्या हिशोबानं आज सारिका गोळ्या गिळत होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. बाईनं जगातल्या प्रत्येक काट्यावर संशय घेतला, फक्त स्वतःच्या नावावर घ्यायचा राहून गेला.

डॉक्टरांनी पत्रकाचं पान तिच्याकडे वळवलं. खाली एक ओळ होती. तीन महिन्यांपूर्वी शर्वरी अर्जुन हसबे हिनं कॉलेजमध्ये स्वतःचं पत्रक काढलं होतं, आणि यंत्रानं दोन पत्रकं जोडली होती. आई उज्ज्वला, मुलगी शर्वरी, जुळणी पूर्ण. आई हयात.

सारिकानं ती ओळ तीनदा वाचली. कान, पायाची बोटं, झोपेतला फोटो, मी झाले तेव्हा तुला त्रास झाला का. पोरगी विष घालत नव्हती. पोरगी आपल्या तोंडावळ्यात स्वतःला शोधत होती. तिला यंत्रानं सांगितलं होतं की हीच तुझी सख्खी आई, आणि बाराव्या वर्षी तुला सांगितलं ते खोटं होतं. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं सारिकाचं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मुल्लाबाईंकडे बघवेना.

पुढचं मुल्लाबाईंनी सरळ सांगितलं. तुमच्यासाठी योग्य औषध आहे, अगदी थोड्या मात्रेत, आणि ते घेऊन पंधरा-वीस वर्षं जगलेली माणसं त्यांनी पाहिली होती. पण पत्रकाविरुद्ध यंत्र गोळी छापत नाही, आणि ते पत्रक बंद झाल्याशिवाय तुमच्या नावानं दुसरं निघत नाही. मेलेल्या माणसाचं पत्रक त्याच्या पोटच्या वारसानंच बंद करायचं असतं.

“म्हंजे शर्वरीनं.”

“हो. तिला सगळं सांगावं लागेल.”

“आन न्हाई सांगितलं तर?”

“तर औषधाविना एक वर्ष. फार तर दीड.”

घरी येताना सारिका हळू चालली. तिला मिळालेली गोष्ट तिनं कधी मागितली नव्हती, मागायची हिंमतच नव्हती. ती आता सरकारी कागदावर पोरीची सख्खी आई होती. गप्प राहिलं तर तशीच राहणार होती, वर्षभर का होईना. बोललं तर पंधरा वर्षं मिळणार होती, पण सावत्र म्हणून. आणि खुळ्यासारखं वाटेल, पण हा हिशोब तिला रस्ताभर सुटला नाही.

दोन दिवस ती काहीच बोलली नाही. डॉक्टरांनी मात्रा कमी केलीय सांगून घरच्याच गोळ्यांचा पाव तुकडा ती घेत होती, मुल्लाबाईंनी तेवढी तात्पुरती सोय करून दिली होती, पण हातानं तोडलेल्या तुकड्यांत मात्रा सारखी उतरत नाही, महिन्याभराच्या वर हे चालायचं नाही असं बजावून. ते दोन दिवस तिनं पोरीला मनसोक्त बघू दिलं. शर्वरीनं पाय चेपायला घेतले तर मागं ओढले नाहीत. एकदा तर तिनं स्वतःच कानावरचे केस मागं सारले. चोरी होती ती, आणि तिला ती चोरी गोड लागत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी शर्वरी वाळलेले कपडे घडी घालायला तिच्याशेजारी बसली आणि एका परकराची घडी तिसऱ्यांदा मोडत म्हणाली, “मला माहीत आहे आई. माझं पत्रक आलंय. तूच माझी आई आहेस. तू सावत्र आहेस हे खोटं तुम्ही सगळ्यांनी, मामानंसुद्धा, का चालू दिलं, तेवढं सांग. मी रागावणार नाही.”

तिचा चेहरा इतका उजळला होता की सारिकाला वाटलं, मरू दे ते औषध. मान हलवायची फक्त. सांगलीच्या इस्पितळात ‘तुम्हीच ना?’ विचारल्यावर हलवली होती तशी.

“ते रगत माझं न्हाई,” ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, वैशालीपासून. शर्वरी परकर मांडीवर धरून ऐकत राहिली. शेवटी मात्र तिनं विचारलं ते सारिकाच्याच स्वभावाला शोभेल असं होतं.

“आता औषध पाहिजे म्हणून सांगतेस ना हे? मी बारा वर्षांची होते तेव्हा नव्हतं सांगायचं? तिचं नाव, तिचा फोटो, काहीतरी?”

“तवा तू पुन्हा आई म्हणत आलीस. मला भ्या वाटलं, सांगितलं तर म्हणायची न्हाईस.”

शर्वरी उठली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती लेंगऱ्याला मामाकडे गेली. फोन लागत होता, ती घेत नव्हती. सारिकानं ट्रंकेतला फोटो काढून टेबलावर ठेवला, मग तिला तो ढोंगीपणा वाटला, मग पुन्हा ठेवला. पोरगी परत येणार नाही अशी तिची खात्री होत चालली. तिथं सख्खा मामा होता, आईचं घर होतं, आईच्या लग्नाआधीच्या वह्या असतील. आणि इथं काय होतं? एक दमलेली बाई, जिला जगायला सही पाहिजे होती.

चौथ्या दिवशी शर्वरीचा फोन आला. एवढंच म्हणाली की मृत्यूचा दाखला मिळालाय, उद्या अकरा वाजता सांगलीच्या नोंदणी कार्यालयात ये.

कार्यालयात ती आधीच बसलेली होती, मांडीवर दाखला. डोळे सुजलेले. तिनं सारिकाला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. खिडकीतल्या कारकुनानं दाखला तपासला, लेंगऱ्याच्या मामाचं प्रतिज्ञापत्र तपासलं. वैशाली आणि उज्ज्वला एकच, हे पटायला त्याला अर्धा तास लागला. मग त्यानं सवयीनं सगळं वाचून दाखवलं. पत्रक बंद केल्यावर पुन्हा उघडत नाही. जुळलेली नाती त्याबरोबर मिटतात. तुमच्या पत्रकात आईच्या जागी मयत असं येईल. यांच्या नव्या पत्रकाशी तुमचं जनुकीय नातं राहणार नाही. मान्य असेल तर अंगठा ठेवा.

शर्वरीनं अंगठा काचेजवळ नेला आणि थांबली.

सारिका तिच्या हाताकडे बघत होती. गोळी देणाऱ्या त्या हातावर तिनं महिनोन्‌महिने पहारा ठेवला होता, पण इतकं बारीक कधी बघितलं नव्हतं. ठेवणार नाही, असं तिला वाटलं. कशी ठेवेल? कधी न बघितलेली आई तीन महिन्यांपूर्वी जिवंत झालीय, आणि तिला स्वतःच्या हातानं पुरायचं, ते कुणासाठी? खोटं बोलून तिच्या जागेवर बसलेल्या बाईसाठी. सारिकाला म्हणावंसं वाटलं की नको ठेवू, माझं मी बघीन. पण ती म्हणाली नाही. तिला जगायचं होतं, आणि हेही तिला त्याच क्षणी, लाजेनं, नीट कळलं.

शर्वरीनं अंगठा ठेवला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. कारकून म्हणाला, झालं, आता बाईंनी रक्त द्यायला आत जावं, सारिका अर्जुन हसबे याच नावानं ना?

बाहेर आल्यावर दोघी स्टँडच्या बाकावर बसल्या. शर्वरी रडत होती, आवाज न करता, पदराऐवजी ओढणी तोंडावर धरून. सारिकाचा हात दोनदा उचलला गेला आणि दोनदा खाली आला.

“आज मला काही विचारू नकोस आई,” शर्वरी म्हणाली. “आज मी तिला मारून आलेय.”

सारिकानं विचारलं नाही. विट्याची गाडी लागेपर्यंत ती शेजारी बसून राहिली आणि तिनं फक्त स्वतःला विचारून बघितलं, की या पोरीच्या जागी आपण असतो तर अंगठा ठेवला असता का. उत्तर यायला वेळ लागला नाही. ठेवला नसता. पत्रकातली ती आई तिनं कुणासाठीही सोडली नसती.

ते तिनं शर्वरीला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि पुढे जी सोळा वर्षं ती जगली त्यांतही कधी सांगितलं नाही.